पाचवा खण

एसटी अणदूरच्या फाट्यावर थांबली तेव्हा सव्वादोन वाजले होते. शिवलीला उतरली, पाठीवरची बॅग सारखी केली आणि वस्तीच्या वाटेला लागली. धाराशिवच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळायला लागून तिला अठरा वर्षं झाली होती. वय एकेचाळीस. तिच्या लग्नाचं विचारणाऱ्यांनीही आता विचारणं सोडलं होतं. महिन्यातून दोन शनिवार ती घरी येई. घरी म्हणजे शेतातल्या वस्तीवर. तिथं तिची आई उमादेवी, घरात सगळ्यांची अव्वा, आणि धाकटा भाऊ बसवेश राहत.

या शनिवारी मात्र आईनं फोनवर येऊ नको म्हणून सांगितलं होतं. सोमवारी पायावर पाटा पडला, दोन बोटं चेचली, नळदुर्गच्या दवाखान्यात पट्टी करून आणली, आता बरं आहे, उगाच हेलपाटा घालू नको. अव्वानं आजवर तिला कधी येऊ नको म्हटलं नव्हतं. म्हणूनच ती आली.

वस्तीवर पोचताच तिला आधी दिसला तो पत्र्याच्या शेडातला ट्रॅक्टर. मागं माती उकरायचा पाचफणी मोगडा तसाच लावलेला, आणि फणांवर काळी माती वाळून तिला भेगा पडलेल्या. शिवलीला जागच्या जागी उभी राहिली. या घरात औताला माती ठेवून कुणी औत घरी आणत नसे. तिचे वडील गुंडप्पा बैलांच्या काळातले. कुळवाची पाळी संपली की बांधावर थांबून ते काठीनं फासाची माती खरवडून काढत, मगच वाटेला लागत. रानाची माती रानात राहिली पाहिजे, तिनं वाट घाण करू नये आणि घरीही येऊ नये, असं त्यांचं म्हणणं. गुंडप्पा जाऊन नऊ वर्षं झाली, पण बसवेशनं हे कधी मोडलं नव्हतं. पाय गेल्यावरसुद्धा नाही.

बसवेशचे पाय गेले ते चिंचेवरून पडून. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कमरेखाली आता काही यायचं नाही. त्यानंतरची दोन वर्षं तो भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून होता. जेवायला वळायचा, पुन्हा भिंतीकडे व्हायचा. पाहुणे यायचे, त्याच्या पाठीशी बोलून जायचे. एकदा अव्वा फोनवर एवढंच म्हणाली होती, की त्या भिंतीतली विहिरीकडची खिडकी तिनं खिळे मारून बंद करून घेतली आहे, कारण तो तासन्‌तास तिकडंच बघत बसतो. त्या रात्री शिवलीलाला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं वही उघडली आणि ट्रॅक्टरचं चित्र काढायला बसली.

ते काम पुरं व्हायला चौदा महिने लागले. लोखंडी काम अणदूरच्या हणमंतप्पानं केलं. त्याचं वेल्डिंगचं दुकान होतं, आणि गुंडप्पाच्या पंगतीला बसलेला माणूस म्हणून त्यानं ते मनापासून केलं. बसवेशला वर ओढून घ्यायला पट्टा आणि हातानं फिरवायचं चाक, पायाच्या पेडलांना दाबणाऱ्या मोटारी, हाताशी दांडे आणि इंजिन एकदम बंद करणारं लाल बटण. बाकी सगळं शिवलीलाचं. ती काही इंजिनिअर नव्हती. मुलांना मीटर वाटायचे, परत मोजून घ्यायचे, हे तिचं काम. पण तिला वाचायची चिकाटी होती आणि लिहून ठेवायची सवय होती.

दोन पेट्या होत्या. एक बसवेशच्या हाताशी, दांड्यांची. दुसरी खाली पेडलांजवळ, मोटारी चालवणारी. मधून पीळ घातलेल्या दोन तारा. मोठ्या गाड्यांमध्ये भागाभागांत निरोप नेणारी असते तीच ही तारेची जोडणी, कॅन बस. दांडा हलला की वरची पेटी तारेवर निरोप टाकी: अमुक दांडा, इतका हलला. प्रत्येक निरोपाला नंबर. खालच्या पेटीतल्या चिपमध्ये हे निरोप झेलायला खण होते, मेसेज बफर म्हणतात त्यांना, पोस्टातल्या कप्प्यांसारखे. कोणत्या खणानं कोणत्या नंबरचा निरोप घ्यायचा हे आधी लिहून ठेवावं लागे. या साध्या चिपमध्ये आठच खण होते आणि निरोप नऊ प्रकारचे. म्हणून तिनं पाचव्या खणाला दोन कामं दिली. रानात असताना मोगडा वर-खाली करणाऱ्या दांड्याचा निरोप त्यात यायचा; मऊ मातीत नुसता क्लच दाबला तरी ट्रॅक्टर जागीच थांबे, तिथं ब्रेकची गरज नसे. रस्त्यावर मोगड्याचं काम नसतं, म्हणून रस्त्याचं बटण दाबलं की त्या खणाचा नंबर बदलायचा आणि त्यात ब्रेकचा निरोप यायला लागायचा. एका खोलीत दोन भाडेकरू, पण एका वेळी एकच. तिला त्या युक्तीचा अभिमान होता.

ज्या दिवशी बसवेशनं पहिल्यांदा रानात पाळी घातली, त्या दिवशी संध्याकाळी त्यानं अव्वाकडं दोनदा भाजी मागून घेतली. मग विहिरीकडच्या खिडकीचे खिळे त्यानंच काढायला लावले.

आता तीच खिडकी बंद होती. शिवलीलानं उंबऱ्यातून पाहिलं. बसवेश खाटेवर, तोंड भिंतीकडं.

तिनं हाक मारली. त्यानं ओ दिली नाही. अव्वा आतून लंगडत आली, डाव्या पायाला घोट्यापर्यंत पट्टी. भाकरी टाकते म्हणाली. शिवलीलानं बॅग ठेवली, हातपाय धुवायला न्हाणीकडं गेली, आणि तिथं न्हाणीच्या दाराशी तिला पाटा दिसला. दोन वर्षांपूर्वी घरात मिक्सर आला तेव्हाच तो तिथं पायरी म्हणून पुरला होता. वर शेवाळ धरलं होतं.

ती तांब्या तसाच ठेवून परत आली आणि चुलीपुढं बसली. म्हणाली, "अव्वा, पाटा तर न्हाणीपाशी पुरल्याला हाय."

अव्वाच्या हातातली भाकरी थबकली. मग तिनं ती तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि म्हणाली की म्हातारपणी माणसाला काय पडलं काय न्हाय, आठवत न्हाय.

"टॅक्टरखाली आला न्हवं पाय?"

 भाकरी फुगली, अव्वानं ती उतरवली. पुढं जे तिनं सांगितलं ते सगळं तव्याकडं बघत सांगितलं. सोमवारी ती नेहमीप्रमाणं बांधावरचं फाटक उघडायला गेली होती. बसवेश रानातून वर आला. फाटकाशी तो नेहमी थांबायचा. त्या दिवशी ट्रॅक्टर थांबला नाही. ती बाजूला झाली, पण पाय मागं राहिला. लाल बटण दाबून त्यानं इंजिन बंद केलं तेव्हा चाक बोटांवरून पुढं गेलेलं होतं. खाली उतरता येत नाही, आईला उचलता येत नाही, असा तो वर बसून ओरडत होता. शेजारच्या रानातनं माणसं आली. दुसऱ्या दिवशी हणमंतप्पानं येऊन चावी लावली, दांडा ओढून बघितला. ब्रेक ठणठणीत होता. पंधरा वेळा बघितला, पंधरा वेळा लागला.

"तवापास्नं त्यो असा हाय," अव्वा म्हणाली. "माझा हातच हुकला म्हनतोय. आता तू पेटी काढून न्हेशील म्हून म्या पाट्याचं सांगितलं. नगं काढू बाई. बोटं काय, दोनच तर हुती."

शिवलीलाला हे ऐकताना वेगळंच आठवलं. जूनमध्ये, पेरणीच्या आधी, असंच एकदा झालं होतं. ट्रॅक्टर फाटकाशी न थांबता बाभळीच्या कुंपणात घुसला होता. तेव्हा ती आली होती, सगळं तपासलं होतं. प्रत्येक तार, प्रत्येक दांडा. रान आणि रस्ता, रान आणि रस्ता, असं दोनशे वेळा बदलून पाहिलं होतं. काहीही सापडलं नव्हतं. आणि मग तिनं वहीत नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: तेवीस जून, तपासणी पूर्ण, पेटीत दोष नाही, चालकाची चूक. ते तिनं बसवेशला वाचूनही दाखवलं होतं. तू दांडा उशिरा ओढला असशील, म्हणाली होती. त्यानं काही वाद घातला नव्हता. असंल, म्हणाला होता.

पोरानं तिच्या वहीवर विश्वास ठेवला होता. म्हणून आता तो भिंतीकडं वळला होता.

ती शेडात गेली. उन्हानं पत्रा तापला होता. लॅपटॉप उघडला, तार जोडली, इंजिन न लावता नुसती चावी दिली. दांडा ओढला की खालच्या मोटारीचा कर्र आवाज होई आणि ब्रेकचं पेडल खाली जाई. तिनं पुन्हा जूनसारखं सुरू केलं. बटण, दांडा, पेडल. बटण, दांडा, पेडल. तासाभरात एकशे चाळीस वेळा झालं. हाताला आता बटण सापडेना, घाम डोळ्यांत जात होता. दोष नाही. दोष नसेल तर तो आयुष्यभर असा पडून राहणार, आणि दोष असेल तर तो तिला दिसत नाही. दोन्हीकडून खड्डाच. ती मोगड्याच्या दांडीवर बसली आणि कितीतरी वेळ नुसती फणांवरच्या वाळल्या मातीकडं बघत राहिली.

मागून अव्वाच्या लंगडण्याचा आवाज आला. तिनं चहा आणला होता. कप ठेवून ती म्हणाली की त्या दिवशी त्यानं ब्रेकचा दांडा पोटापर्यंत ओढला होता, तिनं डोळ्यांनी पाहिला होता, पण तिचं तो ऐकत नाही. आई म्हणजे पोराची बाजू घेणारच, म्हणतो.

शिवलीलानं विचारलं, त्याच्या आधी काय झालं होतं. सगळं सांग. काहीही सोडू नको.

"काय हुनार. रोजच्यावानी वर आला. माती झटकीत हुता, पुरी पडलीबी नव्हती."

"कशी झटकीत हुता?"

अव्वानं तिच्याकडं वेडीकडं बघावं तसं पाहिलं. मग हातानं करून दाखवलं. बसवेशला खाली उतरून फण खरवडता येत नव्हते. म्हणून बांधावर आला की डाव्या हातानं तो उचलीचा दांडा भराभर वर-खाली हलवी. मोगडा गदागदा हाले आणि माती ढेकळांनी खाली पडे. रानाची माती रानात. आणि तेवढ्यात, वेळ कशाला घालवायचा म्हणून, उजव्या अंगठ्यानं रस्त्याचं बटण दाबून मोकळा होई. कधीपासून असं करतो, तर पहिल्या दिवसापासून. तुला ठाऊक नव्हतं?

नव्हतं. ती बटण दाबताना उचलीचा दांडा कधीच हलवत नव्हती. कोण हलवील? आणि दांडा हलला तरच निरोप निघतो. दोनशे वेळा तिनं पाचव्या खणाचा नंबर बदलला होता आणि दोनशेही वेळा तारेवर त्या वेळी सामसूम होती. बसवेश मात्र माती झटकत होता. तारेवर निरोपांची रीघ लागलेली आणि त्या रिघेतच खणावरचा नंबर बदलला जात होता.

ती उठली. डावा हात उचलीच्या दांड्यावर ठेवला आणि माती झटकल्यासारखा हलवायला लागली. उजव्या अंगठ्यानं बटण. मग ब्रेक. कर्र. पुन्हा. कर्र. सतराव्या वेळी तिनं ब्रेकचा दांडा ओढला आणि काही आवाज झाला नाही. पेडल वरच राहिलं. तिनं दांडा सोडला, पुन्हा ओढला. पोटापर्यंत ओढला. पेडल हललं नाही.

लॅपटॉपवर पाचवा खण भरलेला दिसत होता. नंबर बदलत असतानाच उचलीचा एक निरोप आत पडला होता. खणावर आता ब्रेकचा नंबर, आत मोगड्याचा निरोप. तो उचलून खण रिकामा करणारा प्रोग्रॅमचा रानातला भाग बटणासरशी बंद झाला होता, त्यामुळं खण भरलेलाच राहिला आणि ब्रेकचा प्रत्येक निरोप दारातून परत फिरत होता. चावी बंद केली की सगळं पुसलं जाई. म्हणून हणमंतप्पाला ब्रेक ठणठणीत दिसला. म्हणून जूनमध्ये तिला काही सापडलं नाही.

तिच्या बॅगेत चिपच्या माहितीपुस्तकाची छापून घेतलेली पानं होती. खणांचं पान तिनं काढलं. तिथं स्पष्ट लिहिलेलं होतं: खणाची मांडणी बदलण्याआधी तो खण बंद करा, आतलं काढून टाका, मग नवा नंबर लिहा, आणि मगच तो पुन्हा उघडा. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. रेघ तिचीच होती, तीन वर्षांपूर्वीची, पट्टी लावून मारलेली. वाचलं होतं, रेघ मारली होती, आणि न करताही चाललं म्हणून पुढं गेली होती.

तिनं पानं पुन्हा बॅगेत ठेवली. 

दुरुस्ती चार ओळींची होती. ती तिनं केली नाही. आधी आत गेली आणि खाटेशी जमिनीवर बसली. बसवेशच्या पाठीकडं बघत म्हणाली, "तुझा हात हुकला न्हाय, बसव. माझी पेटी हुकली. जूनमधी पन माझीच."

भिंतीकडून आवाज आला. "समजूत काढायला आलीस व्हय."

ती म्हणाली, दाखवते. त्यानं ऐकलं नाही. अव्वानं सांगून पाहिलं, नाही ऐकलं. तो दिवस तसाच मावळला. कुणी नीट जेवलं नाही.

सकाळी शिवलीलानं हणमंतप्पाला बोलावून घेतलं. दोघांनी मिळून बसवेशला खाटेसकट उचललं. तो शिव्या घालत होता. हणमंतप्पा म्हणाला, बापाचा आवाज आहे पोरात, वजनही बापाचंच आहे. शेडात खाट अशी टेकवली की त्याला पेडल दिसावं. शिवलीला वर चढली. जुनीच मांडणी पेटीत होती. ती दांडा हलवून बटण दाबायला लागली, आणि दर वेळी पेडल खाली जात होतं. दहा झाले. वीस झाले. बसवेशनं डोळे मिटून घेतले. हणमंतप्पा दुसरीकडं बघायला लागला.  आज तो दोष दिसला नाही तर बसवेश पुन्हा कधीच इकडं वळणार नव्हता. आपलीच चूक पुन्हा घडावी म्हणून कुणी एवढा धावा केला नसेल.

चौतिसाव्या वेळी आवाज झाला नाही.

"बघ," ती म्हणाली.

त्यानं डोळे उघडले. ती दांडा ओढत होती, सोडत होती, ओढत होती. पेडल जागचं हलत नव्हतं. त्यानं हणमंतप्पाला ओढायला लावला. मग स्वतःचा हात वर केला. तिनं तारेसकट पेटी खाली त्याच्या हातात दिली. त्यानं दांडा ओढला, पोटापर्यंत. पेडलाकडं बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"जूनमधी मला वाचून दाखिवलंस तू," तो म्हणाला. "चालकाची चूक. चार महिनं म्या माझ्या हाताला शिव्या देतोय. अव्वाची बोटं तू खाल्लीस, अक्का."

"व्हय," शिवलीला म्हणाली.

अव्वा मध्ये काही बोलायला गेली, पण हणमंतप्पानं तिला खुणेनं थांबवलं.

शिवलीलानं तिथंच, त्याच्यासमोर, चार ओळी घातल्या. काय करते आहे ते सांगतही होती. आधी खण बंद. मग आतलं काढून टाकायचं. मग नंबर. मग उघडायचा. तो ऐकतो आहे की नाही हे तिला कळत नव्हतं. झाल्यावर तिनं तीनशे वेळा बघितलं, दांडा हलवत. पेडल तीनशेही वेळा खाली गेलं. तिचा हात सुजला होता.

ती म्हणाली, आता कदाचित होणार नाही. पण मागच्या वेळीही तिला तसंच वाटलं होतं, तेव्हा यापुढं बटण दाबताना त्यानं माती झटकू नये.

बसवेश पहिल्यांदा तिच्याकडं नीट वळून म्हणाला, "मग माती काय वाटंवर टाकू?" आणि मग हणमंतप्पाला, "मला वर घ्या."

चाक फिरलं, पट्टा ताठ झाला, तो वर गेला.  इंजिन लावून तो रानात उतरला आणि मोगड्याची एक ओळ मारून परत फाटकाकडं वळला. अव्वा नेहमीच्या जागी निघाली होती. शिवलीलानं तिला धरून धोंड्यावर बसवलं आणि ती स्वतः लांब कुंपणाशी उभी राहिली. बसवेश बांधावर आला. डावा हात वर-खाली. माती थपाथप पडली. अंगठा बटणावर. मग ब्रेक. ट्रॅक्टर फाटकाच्या दोन हात अलीकडं थांबला.

"परत," शिवलीला म्हणाली.

तो परत गेला. परत आला. ऊन डोक्यावर येईपर्यंत तो बावीस वेळा आला आणि बावीस वेळा थांबला.  शेवटच्या वेळी त्यानं इंजिन बंद केलं आणि कपाळ पुसून म्हणाला, "वही काढ. जूनचं काय लिवलंय त्याच्याखाली लिव. आन्‌ वाचून दाखीव. मला नगं, अव्वाला."

तिनं बॅगेतून वही आणली, ते पान काढलं. आधीचं खोडलं नाही. त्याखाली तारीख घातली, वीस ऑक्टोबर, आणि उभ्या उभ्या लिहिलं. मग धोंड्यावर बसलेल्या आईसमोर उभी राहून तिनं वाचलं. तेवीस जूनची नोंद चुकीची आहे. चालकाची चूक नव्हती. पाचवा खण बंद न करता मी त्याचा नंबर बदलत होते. पुस्तकात लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलेलं होतं. चूक माझी.

 अव्वानं सगळं ऐकून घेतलं. मग पट्टीचा पाय सांभाळत ती उठली, फाटकाच्या दांडीला हात घातला आणि लेकाला विचारलं, "लावू का उघडं ठिवू?"

"उघडं ठेव," बसवेश म्हणाला. "खालचं दोन एकर ऱ्हायलंय."